दगडाचं वरण

"माह्या बोरच्या पान्यात दगड टाक, त्याचंबी वरण व्हईल," असं कौसाकाकू छातीवर हात ठेवून सांगायच्या. समोरच्याच्या चेहऱ्यावर जराशी शंका दिसली, की त्या खरोखरच अंगणात दगड शोधायला उठायच्या. मग त्या माणसाला हातापाया पडून त्यांना खाली बसवावं लागे, आणि बसवता बसवता तो स्वतःच चारचौघांत कबूल करून टाके की होय बाई, दगडाचं वरण होतं, मी खाल्लंय.

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी पॅकिंगच्या कामाला लागले आणि खोली शोधत त्यांच्या गल्लीत पोचले. गल्लीच्या एका अंगाला कडब्याच्या गंजी, दुसऱ्या अंगाला कंपनीच्या बसची वाट बघणारी पोरंपोरी. नळाची पाइपलाइन दरवर्षी पुढच्या वर्षी येणार होती. मी "खोली आहे का?" असं विचारलं, तर दारातल्या उंच, काटक बाईनं उत्तर न देता माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि तांब्या पुढं केला.

मी पाणी प्यायले.

"कसं लागलं?"

"छान आहे."

"छान तर सरबतबी असतं. पानी कसं लागलं?"

"गोड."

"किती गोड?"

मी सिल्लोडची. आमच्याकडं माणसाची नस ओळखायला वेळ लागत नाही. मी म्हटलं, "काकू, चूक झाली. आधी गूळ खाल्ला ना, त्यामुळं पाण्याची खरी गोडी कळलीच नाही."

बाई एकदम उजळल्या. त्यांनी मला ओट्यावर बसवलं, बिनगुळाचा दुसरा तांब्या पाजला, मग तिसरा पाजला, आणि खोली माझी झाली. ती खोली कशी आहे हे मला संध्याकाळपर्यंत कुणी दाखवलं नाही. पोटात पाणी डुचमळत मी ओट्यावरच बसून होते.

त्या दिवसापासून माझं नाव "कंपनी" पडलं. "ए कंपनी, उठली का?" ही हाक सकाळी अख्ख्या गल्लीला ऐकू जायची. कौसाकाकूंचं घराणं मेंढपाळाचं. डोंगराच्या पल्याड गेलेल्या मेंढीला हाका मारून मारून त्यांचा गळा असा तयार झाला होता की त्यांना हळू बोलता येतच नसे. "तुला कानात सांगते" असं म्हणून त्या जे सांगायच्या ते जालना रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांनाही कळायचं. गल्लीत गुपित ठेवायचं असेल तर एकच उपाय होता, काकूंना न सांगणं, आणि तो कुणालाच जमला नाही.

बोरचं नाव हौशी. हो, बोरला नाव होतं. दुष्काळाच्या एका वर्षी काकूंचे यजमान, म्हणजे अण्णा, यांनी पाणाड्या आणला. तो तळहातावर नारळ उभा करून अंगणभर फिरला, त्यानं दाखवलेल्या दोन जागा कोरड्या ठाक गेल्या. तेव्हा काकूंनी त्याला नारळासकट घालवून दिलं आणि सांगितलं, आपली हौशी मेंढी रोज दुपारी जिथं बसती तिथं पाडा. मशीनवाले हसले. मशीन खाली जात राहिलं, दगडच दगड निघत राहिला, मशीनवाले गाशा गुंडाळायला लागले. काकूंनी त्यांच्या गाडीपुढं घोंगडी अंथरली, तीवर बसल्या, आणि म्हणाल्या, "आधी जेवा, मग पाडा, मग जावा." लई खोलवर एकदाचं पाणी लागलं. मेंढी पुढं म्हातारी होऊन गेली, पण तिचं नाव बोरला राहिलं. सणाच्या दिवशी मोटारीच्या खोक्याला हळदीकुंकू लागायचं. पोळ्याला बैलांबरोबर हौशीलाही नैवेद्य दाखवताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि हौशी होतीही गुणाची. आमच्या भागात पाण्याची परीक्षा डाळीवर होते. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही ते वाईट पाणी, ज्यात ती विरघळते ते चांगलं. ह्यापलीकडं कुणी कधी काही तपासलं नव्हतं. हौशीच्या पाण्यात तुरीची डाळ अशी शिजायची की रवी फिरवायची गरज पडत नसे. त्यामुळं अख्खी गल्ली हौशीचं पाणी भरायची. काकू कुणाला नाही म्हणत नसत, फक्त हंडा उचलताना "कसं हाय पानी?" या प्रश्नाला मनापासून उत्तर द्यावं लागे.

माझ्या मामेबहिणीच्या लग्नाला मी काकूंना सिल्लोडला घेऊन गेले, तेव्हाची गोष्ट. "परमुलखाचं पानी बाधतं," म्हणून त्यांनी टेम्पोत हौशीच्या पाण्याचे दोन मोठे कॅन चढवले होते. अक्षता पडल्या, पंगत बसली, पानं वाढली गेली, पण वरण येईना. आत आचारी पहाटेपासून डाळीशी झुंजत होता. कार्यालयाच्या विहिरीचं पाणी असं जड, की डाळ पातेल्यात गोट्यांसारखी टणटण वाजत होती. माझे मामा डोक्याला हात लावून बसले. काकूंनी पदर खोचला.

"कोन रे आचारी? सरक तिकडं!"

नवी डाळ, हौशीचं पाणी, खाली दणदणीत जाळ. पंगतीत लाडवाचा दुसरा फेरा होईस्तोवर वरण तयार. मामांना इतकं भरून आलं की व्याह्यांच्या आधी त्यांनी काकूंना लुगडं नेसवलं. त्यावर वरमाई रुसली. काकूंनी तिला उरलेलं अर्धा कॅन पाणी भेट दिलं आणि ती हसली. पुढं कितीतरी दिवस सिल्लोडहून मला फोन यायचे, नवरानवरीचं कुणी विचारत नसे, "त्या पाणीवाल्या काकू कशा आहेत?" एवढंच.

काकूंची दुसरी खोड म्हणजे दात. मेंढरू विकत घेताना त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात अंगठा घालून दात बघायचे, त्यावरून वय आणि तब्येत ओळखायची, ही त्यांची लहानपणची विद्या. ती त्या माणसांवरही चालवायच्या. मात्र माणसाच्या तोंडात अंगठा घालता येत नाही, म्हणून त्या माणसाला हसवायच्या. लेकासाठी मुलगी बघायला गेल्या तेव्हा पोहे खाता खाता भर बैठकीत त्या म्हणाल्या, "पोरगी आमाला पसंत हाय, पन पोराला अक्कल कमी हाय, चालंल का?" मान खाली घालून बसलेली मुलगी खळखळून हसली. काकूंनी दात बघितले, अण्णांना कोपरानं ढोसलं, आणि लग्न ठरलं. ती मंगल. सासूसारखीच उंच, पण आवाजानं सासूच्या अगदी उलट. हळू, स्पष्ट, आणि एकदाच बोलणारी.

मंगलची थोरली मुलगी सोनी चौथीत होती. गुणी पोर, पण हसताना तोंडावर हात ठेवायची, कारण तिच्या दातांवर पिवळे तपकिरी पट्टे होते. दातांची एवढी पारखी आजी, पण तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. गल्लीतल्या सगळ्याच पोरांचे दात तसे, त्यामुळं तो गल्लीचा रिवाजच वाटायचा. "चिंचा खाती, दुसरं काय!" म्हणून त्या सोनीच्या मागं राख आणि कडुलिंबाची काडी घेऊन फिरायच्या. अण्णांची मानही आखडली होती. मागून कुणी हाक मारली तर ते मागं बघत नसत, पुरते मागं फिरत. "वात हाय," काकू म्हणायच्या. धाकटी नात ओवी तेव्हा सहा महिन्यांची व्हायची होती, अजून आईच्या अंगावर पीत होती.

त्याच सुमारास ग्रामपंचायतीनं गावातल्या काही बायकांना पाणी तपासायला शिकवलं. त्यात मंगल होती. बाटल्या, नळ्या आणि रंगांचं कार्ड असलेली निळी पेटी घेऊन ती घरी आली. काकूंना वाटलं, शाळेचा निकाल लागणार आणि हौशी पहिली येणार. त्यांनी गल्लीला आवतण दिलं. शेजारच्या रशीदाखाला हातातलं शिवण टाकून आल्या. आधी शाळेजवळच्या जुन्या विहिरीचं पाणी तपासलं. ती विहीर म्हणजे डाळ न शिजवणाऱ्या पाण्याची, गल्लीत बदनाम झालेली. मंगलनं नळीत थेंब टाकले, पाणी गुलाबी झालं. काकूंनी नाक मुरडलं. मग हौशीचं पाणी घेतलं, थेंब टाकले, आणि पाणी पिवळं झालं.

"अगं बया! हळद लागली गं माह्या हौशीला!"

झालं. शुभ रंग उतरला म्हणून बायकांनी टाळ्या पिटल्या. कुणी हळदीचं गाणं धरलं. रशीदाखालांनी पातेलं घेऊन ताल दिला, मोटारीच्या खोक्याला मुठीनं हळद फासली गेली, माझ्याही गालाला लागली. काकूंनी घरातली होती नव्हती ती साखर वाटली. त्या गोंधळात मंगल नळी हातात धरून उभी होती, आणि तिला काय दिसलं ते कुणीच विचारत नव्हतं. मी कार्ड बघितलं. गुलाबी रंग चांगल्या टोकाला होता आणि पिवळा दुसऱ्या टोकाला. मंगलनं माझ्याकडं बघितलं, मी मंगलकडं बघितलं. एवढ्या साखरेपुढं बोलायचं कुणी?

पाण्याची बाटली जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत गेली. तिथूनही तेच आलं. तोवर ओवीच्या उष्टावणाचा दिवस ठरला होता. बाळाच्या तोंडी पहिलं अन्न जायचं, तेही मामाच्या हातून, आणि ते अन्न म्हणजे हौशीच्या पाण्यात शिजलेल्या डाळीचं पाणी, हे काकूंनी पोर जन्मायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. मंगलला आता थांबता येईना. सकाळी लसूण सोलताना तिनं विषय काढला. मी तिथंच पाय पोटाशी घेऊन बसले होते, उठून जायला जागा नव्हती.

"आत्याबाई, हौशीचं पानी प्यायला चांगलं नाय."

"कोन म्हन्तं?"

"तपासलं ना आपन. गुलाबी चांगलं असतं. पिवळं म्हंजी फ्लोराइड जास्ती. दगडात असतं ते. पानी लई खोल, लई वर्सं दगडात बसून ऱ्हातं, मग पान्यात उतरतं. लहान लेकरांचे दात हिरडीतून वर यायच्या आधीच खराब होत्यात. मोठ्या मान्साची हाडं आखडत्यात."

"मंग उकळून पिऊ."

"उकळलं की अजून वाढतं. पानी उडून जातं, ते खालीच ऱ्हातं."

"उकळलं की वाढतं?" काकू उभ्या राहिल्या. "पानी हाय का उसाचा रस? अन वाईट पान्यात डाळ शिजती का गं? सांग ना, शिजती का?"

"तेच तर हाय," मंगल म्हणाली. "असं पानी मऊ असतं, आतमधी खार असतो. सोडा टाकल्यावानी डाळ शिजती. तुमी म्हन्ता ना दगडाचं वरण व्हईल? झालंच हाय, आत्याबाई. खाली दगडच उतरलाय त्याच्यात. ओवीला ह्या पान्याची डाळ मी देनार नाय."

लसणाची पाटी उचलून कौसाकाकू बाहेर गेल्या, आणि बाहेरून आवाज आला, "माह्या हौशीला नावं ठेवती!" ट्रकवाल्यांनाही समजलं की घरात वाजलं आहे.

मग सुरू झालं ते युद्ध. एका घरात दोन डाळी शिजायला लागल्या. काकूंची हौशीच्या पाण्यातली, मलईसारखी. मंगलची विहिरीच्या पाण्यातली, वाटाण्यासारखी. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, बोलणं सगळं माझ्या मार्फत. दोघींच्या चुली हाताच्या अंतरावर, मध्ये मी.

"कंपनी, तिला म्हनावं मीठ दे."

"ताई, आत्याबाईंना म्हनावं, तुमच्या डाव्या हाताला हाय."

अण्णा दोन्ही डाळी गपगुमान खायचे. कोणती चांगली असं विचारलं की ते पुरते मागं फिरून अंगणाकडं बघत बसायचे. मला हसू आवरायचं नाही, आणि ओवीकडं नजर गेली की हसू आपोआप जायचं. उष्टावण चार दिवसांवर आलं होतं आणि पातेली दोन होती.

तेवढ्यात अण्णांचे भाऊ मेंढरं घेऊन मुक्कामाला आले. ते वेरूळकडच्या डोंगररानात कळप घेऊन फिरायचे, जाता येता दोन दिवस इथं थांबायचे. नातीच्या नावानं एक चांगलं मेंढरू ठेवून घ्यावं म्हणून काकू कळपात शिरल्या. एकीच्या ओठात अंगठा घातला, दात बघितले. ज्वारीच्या दाण्यासारखे पांढरेशुभ्र. काकूंनी मान डोलावली. मग सहज त्यांनी दावणीच्या मेंढीचे दात बघितले. ही मेंढी आणि ती मेंढी एकाच आईच्या, एक दिराकडं रानात वाढलेली, एक घरी. घरच्या मेंढीचे दात तपकिरी, खरबरीत, कडा झिजलेल्या.

"भावजी, ही कुठलं पानी पिती?"

"दिसंल ते. ओढ्याचं, तळ्याचं."

काकूंनी घरची मेंढी काय पिते हे विचारलं नाही. पाण्याची डोणी हौशीच्या नळाखालीच होती. त्यांनी अंगठा पदराला पुसला आणि त्या गल्लीत निघाल्या.

पुढं जे झालं ते बघून गल्लीला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. काकूंनी पोरं गोळा केली आणि त्यांना हसवायला सुरुवात केली. आधी मेंढीसारख्या ओरडल्या. मग कंपनीची बस सुटताना मी एक चप्पल हातात घेऊन कशी पळते ते करून दाखवलं. मग आचाऱ्याची डाळ, मग रुसलेली वरमाई. पोरं लोळायला लागली. आया दारात येऊन हसायला लागल्या. रशीदाखाला पोट धरून ओट्यावर बसल्या. मीही हसत होते, माझीच नक्कल असूनसुद्धा. आणि सगळी गल्ली तोंड उघडून हसत असताना काकू एकेक तोंड बघत चालल्या होत्या. त्यांच्या अंगात नाच होता, पण चेहरा उतरत चालला होता. नुकत्याच भाड्यानं राहायला आलेल्या एका घरातली दोन पोरं सोडली तर सगळ्यांच्या दातांवर तेच पट्टे.

शेवटी त्या पायरीवर बसल्या. "सोने, इकडं ये."

सोनी आली. काकूंनी तिचा तोंडावरचा हात बाजूला केला, अंगठ्यानं ओठ वर केला, बराच वेळ बघितलं.

"तू चिंचा न्हाई खाल्ल्या."

"मी कवाच सांगितलं होतं, आज्जी," सोनी म्हणाली.

काकू ढसाढसा रडायला लागल्या. "माह्या हातानं पाजलं गं. समद्या गल्लीला, कौतुकानं पाजलं." इतकी मोठी, दणकट बाई अशी रडताना बघून माझ्याच्यानं राहवेना, मीही रडले. मंगल आतून आली, सासूशेजारी बसली, आणि माझ्या मार्फत न बोलता थेट बोलली, "तुमाला तरी कुठं ठाऊक होतं, आत्याबाई? आता ठाऊक झालं. ओवी हाय ना अजून."

उष्टावणाच्या दिवशी काकू पहाटेच त्या बदनाम विहिरीवरून हंडा घेऊन आल्या. चूल पेटवली आणि डाळ घातली. मामा चांदीचा चमचा घेऊन बसला. सूर्य वर आला, पाहुणे आले, मामा चमचा घेऊन पेंगायला लागला, डाळ पातेल्यात टणटण वाजतच होती. सिल्लोडचा आचारी तिथं असता तर त्यानं पेढे वाटले असते. अखेर काकूंनी नुसतं वरचं पाणी गाळून घेतलं. ओवीनं ते चाटलं, तोंड वाकडं केलं, आणि मग पुन्हा तोंड उघडलं.

"आवडलं पोरीला!" काकू ओरडल्या, आणि मग त्यांच्या परीनं हळू म्हणाल्या, "हौशीला सांगू नका."

एवढ्यानं भागणार नव्हतं. गल्ली ऐकेना. वर्षानुवर्षं काकूंनीच पढवलेलं होतं, ते एका दिवसात कसं उतरणार? रशीदाखालांनी तर दारातच सुनावलं, "अगे कौसा, तूच बोली थी ना, जिसमें दाल गले वोच पानी अच्छा? अब तू बदल गई तो मैं क्या करूं? मेरी दाल तो गल रई ना!"

काकूंनी यावर एक रात्र विचार केला आणि सकाळी नवीन म्हण घेऊन बाहेर पडल्या. "जे पानी डाळ शिजवतं ते हाडंबी शिजवतं!"

"आत्याबाई, अगदी तसं नसतं ते," मंगल कुजबुजली.

"गप. लोकाला असंच कळतं."

बाजाराला न्यायच्या मेंढीला लावतात तसा गेरूचा लाल ठिपका त्यांनी हौशीच्या नळाला लावला. धुणंभांडी, जनावरांचं अंग धुणं, बांधकाम यांना हौशी, पिण्याला आणि स्वयंपाकाला विहीर, असा कायदा झाला. जनावरांनाही पाजायचं नाही, ते काकूंनी मेंढीचा ओठ वर करून करून सगळ्यांना पटवलं. विहीर उपसून स्वच्छ केली, आणि तिचं पाणी चांगलंच आहे ना हे बघायला मंगल अधूनमधून पेटी घेऊन जायची. अण्णांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मान पुरती मोकळी होईल असं सांगता येत नाही, पण हे पाणी आजच थांबवा, आणि दूध, भाजीपाला पोटात जाऊ द्या. सोनीच्या दातांबद्दलही त्या स्पष्ट बोलल्या, जे झालं ते झालं, राखेनं घासून जाणार नाही. त्या संध्याकाळी काकूंनी राखेचं डबडं उकिरड्यावर फेकलं.

पण खरी गंमत पुढंच होती. चोरून हौशीचं पाणी भरणाऱ्या बायका होत्याच, आणि त्यांना पकडायची युक्ती काकूंकडं तयार होती. जेवणाच्या वेळी त्या कुणाच्याही घरात शिरायच्या आणि पातेल्यावरचं झाकण उचलायच्या. डाळ टणक असली तर "शाब्बास!" मऊ असली की, "कुठलं पानी गं हे?" ज्या गल्लीत मऊ वरणाला मेडल मिळायचं, तिथं मऊ वरण हा गुन्हा झाला. बायका डाळ मुद्दाम कच्ची ठेवून निर्दोष सुटायला लागल्या. रशीदाखाला एकदा अशाच सापडल्या, त्यांच्या खिचडीत डाळीचा दाणा दिसत नव्हता. "कुकर लिया है मैंने, कुकर! ये देख शिट्टी!" त्या ओरडत होत्या. काकूंनी विहिरीचं पाणी घालून कुकर तिथंच लावायला सांगितला आणि शिट्टी होईपर्यंत चुलीसमोर मांडी घालून बसल्या. खिचडी पुन्हा तशीच मऊ झाली. त्या दिवशी काकूंनी खालांची माफी मागितली, त्या कुकरवर हात फिरवला, आणि अख्ख्या गल्लीला कुकर घ्यायला लावला. स्वतः मात्र घेतला नाही. शिट्टी झाली की आपला आवाज कुणाला ऐकू जात नाही, अशी त्यांची तक्रार होती.

पुढं माझी बदली झाली, लग्न झालं, मी शहरात राहायला गेले. तिथं नळाला पाणी कधी यायचं ते नळालाच ठाऊक, पण निदान डाळीवरून कुणी घरात शिरत नव्हतं. मला ते चुकल्यासारखं वाटायचं. मागच्या उन्हाळ्यात मी काकूंना भेटायला गेले. पाइपलाइन पुढच्या वर्षी येणार होती. अण्णा अजून पुरते फिरूनच बघत होते, आणि माझ्याकडं फिरून बघून हसले. सोनी कॉलेजला जायला निघाली होती. ती तोंडावर हात न ठेवता हसली, पट्टे तसेच होते, आणि मला म्हणाली, "मावशी, पाण्याचीच परीक्षा घेणारी होणार मी." ओवी दुसरीत होती, आणि त्याच सकाळी तिचा वरचा एक दुधाचा दात पडला होता.

काकू वाकल्या होत्या, पण आवाज ताठ होता. त्यांनी शेणाच्या गोळ्यात तो दात दडवला आणि रीतीप्रमाणं पत्र्यावर फेकला. पत्र्यावर धप्प झालं. मग ओवीला जवळ ओढून त्यांनी तिचा ओठ खाली केला. खालचे दोन नवे दात पूर्ण वर आले होते. काकू बघत राहिल्या. मीही वाकून बघितलं. सूर्याकडं तोंड करून उभी केलेली ती पोर, आणि तिचे ते ज्वारीच्या दाण्यासारखे, एक डाग नसलेले दात.

"कंपनी," काकू मला म्हणाल्या, "तुला कानात सांगते. पांढरे हायेत." समोरच्या ओट्यावरून रशीदाखालांनी टाळी वाजवली, "माशाल्ला!" आणि रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवला.

जेवायला बसलो. वरण आलं. पहिल्याच घासाला माझ्या दाताखाली कचकन आवाज झाला.

"काकू, डाळ शिजली नाही."

"नाय शिजली," काकू म्हणाल्या. "नाय शिजत ह्या पान्यात. मंग काय झालं? दात हायेत, चावा की!"

निघताना मी फाटकापाशी वळून बघितलं. काकूंच्या स्वतःच्या तोंडात आता चावण्याजोगं काही उरलं नव्हतं. ओट्यावर बसून त्या आपल्या वाटणीची डाळ खलबत्त्यात ठेचत होत्या. समोर ओवी मांडी घालून जेवत होती, कुडूम कुडूम, कुडूम कुडूम. काकू मधूनच बत्ता थांबवायच्या, ते ऐकायच्या, आणि पुन्हा ठेचायला लागायच्या.